यूकेबद्दल मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न, एकदाचे लिहून काढलेत

मी मूळची सांगलीची, २०१२ पासून रेडिंगला असते, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी करते. सुट्टीत घरी गेले की तेच प्रश्न, फॅमिली ग्रुपवर तेच प्रश्न, आणि मागच्या दिवाळीत तर एका काकांनी माझं उत्तर अर्धवट ऐकून पलीकडच्या काकांना साफ चुकीचं सांगितलं. म्हणून सगळं एका ठिकाणी लिहून ठेवतेय, इथून पुढे फक्त हे पाठवणार. मतं माझी आहेत, पटली नाहीत तर सोडून द्या.

तिकडे पंतप्रधान एवढे पटापट का बदलतात?

मी आले तेव्हा कॅमेरॉन होते, मग थेरेसा मे, बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस, ऋषी सुनक, आणि जुलै २०२४ मध्ये कीर स्टार्मर. त्यातले पहिले पाच एकाच पक्षाचे, हुजूर पक्षाचे (म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह; त्यांना आणि लेबरला माझे आजोबा हुजूर आणि मजूर असंच म्हणायचे, इतकं छान यमक इंग्रजीत पण नाही). लोक आपापला खासदार निवडतात, बहुमतवाल्या पक्षाचा नेता पंतप्रधान होतो, मग पक्षाने नेता बदलला की पंतप्रधान बदलला, इलेक्शन लागत नाही. २०२२ च्या जूनमध्ये आपले आमदार सुरत-गुवाहाटी करत होते ना, बरोब्बर त्याच महिन्यात इथे बोरिसविरुद्ध बंड चालू होतं, फक्त इथे हॉटेलचा खर्च येत नाही. हुजूर पक्षाच्या खासदारांची '१९२२ कमिटी' असते, तिच्या अध्यक्षाला गुपचूप पत्र लिहायचं की माझा नेत्यावर विश्वास नाही, तेव्हा १५ टक्के खासदारांची पत्रं जमली की मतदान व्हायचं. ६ जूनला बोरिस २११ विरुद्ध १४८ असा वाचला, आणि महिन्याभरात पन्नासहून जास्त मंत्री-उपमंत्र्यांनी धडाधड राजीनामे टाकले तेव्हा ७ जुलैला त्याने हात टेकले. लॉकडाउनमध्ये लोकांना घरच्या माणसाच्या अंत्यविधीला धड जाता येत नव्हतं आणि ह्यांच्या ऑफिसात पार्ट्या, हे लोकांनी माफ केलं नाही.

लिझ ट्रसबाई ४९ दिवस टिकल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांच्या अर्थमंत्र्याने ४५ अब्ज पौंडांच्या करसवलती जाहीर केल्या, पैसे कुठून आणणार ते सांगितलंच नाही, पौंड कोसळला, कर्जाचे व्याजदर उडाले, आणि एका टॅब्लॉइड पेपरने कॅमेऱ्यासमोर लेट्यूसचा गड्डा ठेवून विचारलं की आधी कोण सुकतं. गड्डा जिंकला. सगळे हसले, मी पण हसले, पण आमच्या घराच्या कर्जाचं फिक्स्ड डील नेमकं त्याच हिवाळ्यात संपत होतं, हप्ता वाढल्यावर हसू गेलं.

लेबरला एवढं प्रचंड बहुमत मिळालं, मग लोक लगेच नाराज कसे झाले?

कारण लोकांनी प्रचंड मतं दिलीच नव्हती. २०२४ चे आकडे बघा, मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतं आणि ६५० पैकी ४११ जागा. नायजेल फराज यांच्या रिफॉर्म पक्षाला १४.३ टक्के मतं आणि जागा ५. लिबरल डेमोक्रॅट्सना त्यांच्यापेक्षा कमी, १२.२ टक्के, आणि जागा ७२. आपल्यासारखीच पद्धत आहे, मतदारसंघात जो पहिला तो निवडून आला, बाकीच्यांची मतं गेली वाया. स्टार्मर आले ते त्यांच्यावर प्रेम होतं म्हणून नाही, आधीच्यांचा कंटाळा आला होता म्हणून. आल्या आल्या पेन्शनरांना थंडीत हीटिंगसाठी मिळणारा भत्ता बहुतेकांचा बंद केला, बोंब झाली, वर्षभरात बराचसा परत सुरू केला. म्हणजे शिव्या पण खाल्ल्या आणि पैसे पण गेले. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत रिफॉर्मने दहा कौन्सिलं ताब्यात घेतली तेव्हा माझ्या ऑफिसात तरी कोणाला धक्का बसला नाही.

तुला तिकडे मत देता येतं का? तू तर अजून भारतीयच आहेस ना?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. हो, येतं! कॉमनवेल्थ देशाचा नागरिक कायदेशीर व्हिसावर इथे राहत असेल तर त्याला संसदेच्या निवडणुकीत सुद्धा मत असतं, स्टुडंट व्हिसावरच्या पोरांना पण असतं, आणि बहुतेकांना हे माहीतच नसतं. माझ्या टीममध्ये एक फ्रेंच माणूस आहे, वीस वर्षं इथे टॅक्स भरतोय, त्याला खासदार निवडता येत नाही. मी हातात निळा भारतीय पासपोर्ट घेऊन जाते आणि मत देऊन येते. २०१६ ला ब्रेक्झिटचं मतदान झालं त्यातही असंच, त्याच्या आयुष्याचा प्रश्न होता आणि मत मला होतं. त्याने हे इतक्या शांतपणे घेतलं की मलाच अपराधी वाटत राहिलं.

मतदान नेहमी गुरुवारी, सकाळी ७ ते रात्री १०, सुट्टी नाही. आमचं केंद्र चर्चच्या हॉलमध्ये असतं. ना भोंगे, ना बूथवाले, ना बोटाला शाई, ना ईव्हीएम. एक आजी यादीत पट्टी लावून नाव खोडतात, मतपत्रिका देतात, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची. पेन्सिलीने! फोटोवालं ओळखपत्र दाखवायची सक्ती तर २०२३ पासून आली, त्याआधी नुसतं नाव सांगितलं की झालं, पहिल्यांदा गेले तेव्हा मी कागदपत्रांची फाइल घेऊन गेले होते आणि आजींनी ती उघडू पण दिली नाही. बाहेर कुत्री बांधलेली, त्यांचे फोटो दिवसभर सोशल मीडियावर.

आणि निकालाच्या रात्री स्टेजवर सगळे उमेदवार ओळीने उभे करतात, ५०० पौंड डिपॉझिट भरलं की कोणीही उभं राहू शकतं, त्यामुळे २०२४ ला चालू पंतप्रधान सुनक यांच्या शेजारी डोक्यावर कचऱ्याची बादली घातलेला काउंट बिनफेस नावाचा उमेदवार उभा होता. ३०८ मतं पडली त्याला. मला ह्या देशाबद्दल जे काही मनापासून आवडतं त्यात हे फार वर आहे.

सुनक हरले तेव्हा वाईट नाही वाटलं? आपला माणूस होता.

दिवाळीत १० डाउनिंग स्ट्रीटच्या पायरीवर पणत्या लागल्या तेव्हा छान वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण काका, आपला म्हणजे कोणाचा? साउथॅम्प्टनला जन्म, विंचेस्टरसारखी महागडी शाळा, मग ऑक्सफर्ड. भगवद्गीतेवर हात ठेवून खासदारकीची शपथ घेतली हे खरं, आणि आपल्यासारख्यांच्या व्हिसाचे नियम सगळ्यात कडक त्यांच्याच सरकारने केले हेही खरं. विद्यार्थ्यांना बायको-मुलं आणायला बहुतेक कोर्सेसना बंदी आली ती जानेवारी २०२४ पासून, सुनक असतानाच. सुएला ब्रेव्हरमन गृहमंत्री होत्या, त्यांचे वडील मूळ गोव्याच्या कुटुंबातले, केनियातून आलेले, आणि इमिग्रेशनवर त्यांच्याएवढं तिखट कोणी बोललं नसेल.

'आपला माणूस' हवाच असेल तर १८९२ मध्ये जा. दादाभाई नौरोजी, एल्फिन्स्टनमध्ये शिकवणारे, लंडनच्या फिन्सबरी सेंट्रलमधून लिबरल पक्षातर्फे निवडून आले, अवघ्या ५ मतांनी, लोकांनी त्यांना 'नॅरो-मेजॉरिटी' असं चिडवायला सुरुवात केली. मग १८९५ ला मंचरजी भावनगरी, ते हुजूर पक्षाचे. मग १९२२ ला शापुरजी सकलातवाला बॅटरसीतून, ते कम्युनिस्ट. तिघेही मुंबईशी जोडलेले पारशी आणि तिघे तीन टोकांच्या पक्षांत. वंशावरून माणसाचं राजकारण कळत नाही हे तेव्हाच सिद्ध झालं होतं, आपण उगाच व्हॉट्सॲपवर पेढे वाटतो.

राजा नक्की करतो काय?

सही. आणि संसदेत सरकारने लिहून दिलेलं भाषण 'माझं सरकार' म्हणत वाचतो. तरुण लोकांना फारसं पडलेलं नाही, पण सप्टेंबर २०२२ मध्ये राणी गेल्या तेव्हा थेम्सच्या काठाने काही मैल रांग लागली होती, लोक रात्रभर उभे होते, त्यात माझी एक कट्टर राजेशाहीविरोधी शेजारीण पण होती. का गेलीस विचारलं तर म्हणाली, रांग बघायला.

ब्रेक्झिटने फायदा झाला की तोटा?

माझ्या मते तोटा. ५१.९ विरुद्ध ४८.१ असा निकाल लागला, बाहेर पडले ३१ जानेवारी २०२० ला. प्रचाराच्या लाल बसवर लिहिलेलं की आपण युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड पाठवतो, ते एनएचएसला, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेला देऊ. गंमत अशी की आपल्याच बऱ्याच लोकांनी बाहेर पडायच्या बाजूने मत दिलं, कारण करी रेस्टॉरंटवाल्यांना सांगितलं होतं की युरोपवाल्यांना दार बंद झालं की तुम्हाला तिकडून आचारी आणता येतील. आचारी काही फार आले नाहीत. आणि 'इमिग्रेशन कमी करा' म्हणून ज्यांनी मत दिलं त्यांना मिळालं काय, तर युरोपातले लोक कमी झाले, भारत-नायजेरियातले वाढले आणि एकूण आकडा वर गेला.

गोव्याच्या मंडळींचं वेगळंच. १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलाबाळांना पोर्तुगीज पासपोर्ट काढता येतो, तो घेऊन कितीतरी कुटुंबं स्विंडनला येऊन राहिली, रेडिंगहून ट्रेनने अर्ध्या तासावर. तिथल्या चर्चमध्ये कोकणीत मिस्सा होते, दुकानात चोरीस (गोव्याचं सॉसेज) मिळतं. ब्रेक्झिट झाल्यावर त्या सगळ्यांना जून २०२१ च्या आत अर्ज करून राहायचा हक्क टिकवावा लागला, आणि नवीन येणाऱ्यांसाठी तो रस्ता बंद.

तिकडे आता इमिग्रंट लोकांना हाकलणार म्हणे? तुझं काय होणार?

आईचा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर.

इथल्या माणसाला समजून घ्यायचं असेल तर रांग समजून घ्या. बस स्टॉपवर दोनच जण असले तरी ते एकामागे एक उभे राहतात. रांग मोडणाऱ्याला कोणी काही बोलत नाही, फक्त घसा खाकरतात, पण आतून जो राग येतो तो मी पाहिलाय. आता असं बघा, गेली पंधरा वर्षं इथल्या सगळ्या रांगा हलायच्या थांबल्यात. हॉस्पिटलची रांग, कौन्सिलच्या स्वस्त भाड्याच्या घराची रांग, डेंटिस्टची रांग, पगारवाढीची रांग. माणूस उभा आहे, पुढे सरकत नाही, आणि तेवढ्यात कोणीतरी येऊन कानात सांगतं की तो बघ, मधूनच घुसला. तो मधूनच घुसलेला म्हणजे मी. माझं म्हणणं एवढंच की रांग माझ्यामुळे थांबलेली नाही, खिडकीवरचा माणूसच उठून गेलाय, दवाखाने, घरं आणि कौन्सिलं ह्यांच्यावरचा खर्च २०१० नंतर आवळला त्याचं हे फळ. पण खिडकी रिकामी आहे हे मागून दिसत नाही, माझा रंग दिसतो.

त्यांची बाजू अगदीच खोटी नाहीये बरं का. २०२३ च्या सुमारास वर्षाची निव्वळ भर ९ लाखांच्या वर गेली होती, घरं काही त्या वेगाने बांधली नव्हती. 'कमी करू कमी करू' म्हणत प्रत्येक सरकारने वाढवले, तर लोकांना फसवल्यासारखं वाटणारच.

मे २०२५ मध्ये स्टार्मर सरकारने नवीन धोरण आणलं, कायमचं राहायची परवानगी पाचऐवजी दहा वर्षांनी द्यायचा प्रस्ताव. त्या दिवशीच्या भाषणात ते म्हणाले, आपण 'अनोळखी लोकांचं बेट' होऊन बसू. बऱ्याच जणांना १९६८ मधलं इनॉक पॉवेल ह्या खासदाराचं इमिग्रेशनविरोधी भाषण आठवलं, आणि महिन्याभराने स्टार्मरनी स्वतःच सांगितलं की तो शब्द वापरल्याचा पश्चात्ताप होतोय. मजूर पक्षाच्या पंतप्रधानाकडून हे ऐकताना मला जे वाटलं ते फराजकडून ऐकताना वाटत नाही, त्याच्याकडून अपेक्षाच नाही. कुशल कामगारांच्या व्हिसाची साधारण पगारमर्यादा जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड झाली, २०२३ मध्ये ती २६,२०० होती. सप्टेंबरमध्ये रिफॉर्मने जाहीर केलं की आमचं राज्य आलं तर कायमची परवानगी हा प्रकारच रद्द. माझ्याकडे ती २०१८ पासून आहे. त्या घोषणेपर्यंत वाटायचं की पासपोर्ट कशाला बदलायचा, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, बाबांना वाईट वाटेल. आता नवरा रोज विचारतो, अर्ज भरायचा का? परीक्षा, २४ प्रश्न, १८ बरोबर यायला लागतात, ती तर कायमच्या परवानगीच्या वेळीच दिली होती. मी टेबलवर फॉर्म छापून ठेवलाय. भरला नाहीये.

रेसिझम आहे का? खरं सांग.

आहे, पण बातम्यांत दिसतो तसा रोज नाही आणि इथले सभ्य लोक म्हणतात तसा अजिबात नाही असंही नाही. तेरा वर्षांत तोंडावर शिवी दोनदा मिळाली, दोन्ही वेळा दारू प्यायलेले.

ऑगस्ट २०२४ वेगळा होता. २९ जुलैला साउथपोर्टमध्ये मुलांच्या डान्स क्लासमध्ये एका मुलाने चाकू चालवला, तीन लहान मुली गेल्या. काही तासांत नेटवर एक खोटं नाव फिरायला लागलं की हा बोटीतून आलेला आश्रित (आश्रय मागायला आलेला परदेशी) आहे. तो कार्डिफमध्ये जन्मलेला होता. पण तोपर्यंत मशिदीवर दगड, मग गावोगाव दंगल, रॉदरममध्ये आश्रितांना ठेवलेल्या हॉटेलला आग लावायचा प्रयत्न. आमच्या मराठी ग्रुपवर त्या आठवड्यात मेसेज काय, तर आज घरून काम करा, संध्याकाळी स्टेशनला जाऊ नका. आणि काही शहाणे त्यातही लिहीत होते की आपण हिंदू आहोत, आपल्याला काही करणार नाहीत. म्हटलं, दगड मारणारा आधी आडनाव विचारणार आहे का? ७ ऑगस्टला पुन्हा मोठी दंगल होणार अशी यादी फिरत होती, दुकानांनी फळ्या ठोकल्या, आणि प्रत्यक्षात लंडनच्या वॉल्थमस्टोसकट कितीतरी ठिकाणी दंगलखोरांपेक्षा त्यांच्या विरोधात उभे राहिलेलेच हजारोंनी आले. मी नव्हते गेले. घाबरले होते. हे लिहायला पाहिजे म्हणून लिहिलं.

२०२५ च्या उन्हाळ्यात मग झेंडे आले, दिव्याच्या खांबांवर, राउंडअबाउटवर रंगवलेले लाल क्रॉस. झेंडा त्यांचाच आहे, लावू देत की, आपण १५ ऑगस्टला लावतोच. पण फुटबॉलच्या वर्ल्डकपला लागलेला तोच झेंडा बघून मुलगी नाचते आणि हा बघून विचारते की आपल्या रस्त्यावर का लावलाय, तर काय सांगायचं?

औषधपाणी सगळं फुकट ना?

फुकट म्हणणाऱ्याने माझी सॅलरी स्लिप बघावी. टॅक्स तर जातोच, वर व्हिसावर नोकरी करत असाल तर मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार, सगळ्या वर्षांचा एकरकमी आधीच. इंग्लंडमध्ये दर औषधामागे ९.९० पौंड, स्कॉटलंड-वेल्समध्ये ते पण नाही.

पण हॉस्पिटलात बिल येत नाही हे खरंय, आणि त्याची किंमत मला बाळंतपणात कळली, अवघड केस होती, चार दिवस ठेवलं, निघताना मी सवयीने विचारलं पैसे कुठे भरायचे तर नर्सला प्रश्नच कळला नाही. नंतर सुईण घरी येऊन बाळाचं वजन करून गेली. १९४८ मध्ये, युद्धाने कंगाल झालेल्या देशाने हे उभं केलं. म्हणून इथे देवाला नावं ठेवलेली चालतात, एनएचएसला नाही. आता नवऱ्याच्या गुडघ्याची गोष्ट, रेफर केल्यापासून स्पेशालिस्ट दिसेपर्यंत अकरा महिने. सकाळी ८ ला जीपीला, म्हणजे फॅमिली डॉक्टरला फोन लावायचा, तुमचा नंबर विसावा, ८ वाजून २० मिनिटांनी अपॉइंटमेंट संपल्या. इंग्लंडमधली वेटिंग लिस्ट २०२३ मध्ये ७७ लाखांपर्यंत गेली होती. मग काय, आम्ही सांगलीला आलो की दात, डोळे, रक्ततपासण्या सगळं एका आठवड्यात उरकून परत येतो, विमानात अर्धे लोक तेच करून आलेले असतात.

इंग्रज लोक प्रामाणिक, सिस्टीम परफेक्ट, असं आमचे सर सांगायचे. खरंय का?

पोस्ट ऑफिसची गोष्ट ऐका, मी टेस्टिंगवाली असल्यामुळे ही माझ्या फारच जिव्हारी लागलेली आहे.

इथे गल्लोगल्ली छोटी पोस्टं असतात, किराणा दुकानातच एक काउंटर, चालवणारे आपल्याकडचे गुजराती-पंजाबी लोक खूप. १९९९ पासून त्यांना फुजित्सूने बनवलेलं होरायझन नावाचं सॉफ्टवेअर दिलं. संध्याकाळी हिशोब लागेना, स्क्रीन म्हणते हजारो पौंड कमी. हेल्पलाइनला फोन केला तर उत्तर, असं फक्त तुमच्याकडेच होतंय. प्रत्येकाला हेच उत्तर! लोकांनी घरं गहाण टाकून पैसे भरले, तरी चोरीचे खटले. ९०० हून जास्त लोक दोषी ठरले, एका भारतीय वंशाच्या बाईला गरोदर असताना तुरुंगात टाकलं, काहींनी जीव दिला. पोस्ट ऑफिसला स्वतःच खटला भरायचा अधिकार, आणि कायदा असा की कॉम्प्युटर बरोबर चालत होता असं कोर्ट धरूनच चालतं, चुकलाय हे तुम्ही सिद्ध करा. किराणा दुकानदार कुठून सिद्ध करणार? पोस्ट ऑफिसच्या अंतर्गत कागदांत संशयितांचं वर्गीकरण कसल्या वसाहतकालीन वंशवाचक शब्दांत केलं होतं तेही नंतर बाहेर आलं.

कॉम्प्युटर वीकली ह्या ट्रेड मासिकाने २००९ मध्येच छापलं होतं. हायकोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं की सॉफ्टवेअर सदोष. तरी देश हलला कधी, तर जानेवारी २०२४ मध्ये टीव्हीवर मालिका आली तेव्हा. मग मात्र चार-पाच महिन्यांत संसदेने कायदा करून शिक्षा रद्द केल्या.

तर सरांना सांगा, भ्रष्टाचार म्हणजे टेबलाखालून पैसे एवढंच नसतं. इथे मला कोणी लाच मागितली नाही कधी. पण सूट घातलेले, नीट बोलणारे, प्रत्येक मीटिंगचे मिनिट्स ठेवणारे लोक वीस वर्षं खोटं धरून बसू शकतात, आणि सगळे त्यांच्यावर विश्वास ठेवतात कारण ते नीट बोलतात. आमच्या कंपनीत आता कोणी 'युजर एरर असेल' म्हणालं की मी एवढंच म्हणते, होरायझन. गप्प होतात.

गोऱ्या लोकांत जातपात नाही ना पण?

आपण 'गाव कुठलं, आडनाव काय' विचारून जे काढून घेतो ते हे लोक तुम्ही तोंड उघडल्यावर दहा सेकंदांत काढतात. उच्चार. रात्रीच्या जेवणाला 'टी' म्हणता की 'डिनर' की 'सपर', त्यावरून. ज्याला पब्लिक स्कूल म्हणतात ती सगळ्यात महागडी प्रायव्हेट शाळा, जेमतेम ७ टक्के मुलं खाजगी शाळांत जातात आणि जज, संपादक, मंत्री बघा, ही मुलं किती पटीने. एकट्या ईटनने २० पंतप्रधान दिलेत, बोरिस विसावा. जानेवारी २०२५ पासून ह्या शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लावला तेव्हा जो आकांत झाला त्यात आपले मराठी आईबाप पण होते, पोटाला चिमटा काढून फी भरणारे. मला त्यांचं वाईट वाटलं आणि व्हॅट योग्यही वाटला.

आणि आपली जातपात आपण बॅगेत भरून आणलीच आहे. समानतेच्या कायद्यात जात हा शब्द घालायचा असं २०१३ मध्ये संसदेने ठरवलं होतं, २०१८ मध्ये सरकारने माघार घेतली, गरज नाही म्हणाले. विरोध करायला कोण पुढे होतं? गोरे नव्हते. आमच्या गणपतीत 'तुम्ही कुठले कुलकर्णी' हे अजून ऐकू येतं.

घरं एवढी महाग का?

बांधू देत नाहीत. प्रत्येकाला वाटतं घरं बांधावीत, फक्त माझ्या खिडकीतून दिसू नयेत. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर १० नंबरचं घर, बाबासाहेब १९२१-२२ ला तिथे राहायचे, महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केलं. कॅमडेन कौन्सिलने काय म्हटलं, ही निवासी जागा आहे, संग्रहालयाला परवानगी नाही. शेजाऱ्यांची तक्रार की गर्दी होते, आवाज होतो. २०१९ ला रीतसर सुनावणी झाली, मार्च २०२० मध्ये मंत्र्याने परवानगी दिली तेव्हा सुटलं. मी दोनदा गेलेय. दोन्ही वेळा इतकी शांतता की बूट काढताना आवाज होईल म्हणून मी जपून काढले.

कोहिनूर कधी देणार? वाघनखं तरी दिली.

दिली नाहीत, उसनी दिलीत, तीन वर्षांसाठी, जुलै २०२४ मध्ये साताऱ्याला आली ती. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमवर कायद्याचंच बंधन आहे, संग्रहातली वस्तू अशी देऊन टाकता येत नाही. शिवाय तीच ही वाघनखं याचा पुरावा नाही असं ते म्युझियम स्वतःच सांगतं, हे ग्रुपवर लिहिलं तेव्हा मला एका मामांनी तीन दिवस ब्लॉक केलं होतं. कोहिनूर टॉवर ऑफ लंडनमध्ये आहे. राज्याभिषेकात २०२३ ला राणी कॅमिलाबाईंनी तो घातला नाही, वाद नको म्हणून. माझ्या आयुष्यात तरी परत येत नाही, लिहून घ्या.

नोव्हेंबरच्या फोटोत सगळ्यांच्या कोटावर लाल फूल का?

पॉपी, महायुद्धात मेलेल्यांच्या आठवणीसाठी. मी पण लावते, आधी लावायची नाही. पहिल्या युद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात अडकलेली सहावी डिव्हिजन पुण्याची होती, त्यात मराठा पलटणी होत्या. दुसऱ्या युद्धात इटलीत रायगडचे यशवंत घाडगे आणि नगरचे नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, घाडगे तर तिथेच पडले. लेकीच्या शाळेत यातलं काहीच सांगत नाहीत, म्हणून एका वर्षी मीच जाऊन सांगितलं, दहा मिनिटं दिली होती, पोरांनी पाऊण तास सोडलं नाही.

करार झाला, स्कॉच स्वस्त होणार ना?

भारत-यूके व्यापार करारावर जुलै २०२५ ला सह्या झाल्या, करार लागू झाला की आयात कर १५० वरून ७५ टक्के आणि दहा वर्षांत ४०. पण बाटलीवर आपल्या राज्याचा कर वेगळा असतो, तो लंडनहून कमी होत नाही. सॉरी काका.

मुलाला मास्टर्ससाठी तिकडे पाठवू का?

कोणत्या कॉलेजात ते आधी सांगा, नुसतं 'लंडनला' सांगू नका. नाव न ऐकलेलं कॉलेज, वर्षाचा कोर्स, ४० लाखांचं कर्ज आणि एजंट म्हणतोय नोकरी नक्की, तर नको. शिक्षणानंतर दोन वर्षं राहायला मिळायची ती जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षं होणार आहेत, त्यात ४१,७०० ची नोकरी शोधायची, नव्या पोरांना सूट आहे थोडी, तरी सोपं नाही. आमच्या इथे दुकानात रात्रपाळी करणारी एमएस्सी झालेली मुलं मी रोज बघते, घरी सांगत नाहीत. चांगलं कॉलेज, नीट विषय आणि नोकरी नाही मिळाली तर परत यायची तयारी असेल तर जरूर पाठवा.

आणि फोन मुलाला करायला सांगा, तुम्ही करू नका. शनिवारी, इथल्या सकाळी दहानंतर.